दोष पाइपाबरोबर फिरतोय का?

फेब्रुवारीतला रविवार, पाणी सहा अंश, आणि मी स्टेनगार्थच्या डेकवर डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत. पाण्याखाली हौसेनं उलटे होणारे लोक असतात, मी त्यातला नाही. माझ्या ड्रायसूटमध्ये कुणीतरी हळूहळू हवा भरत होतं, आणि ते कुणीतरी मी नव्हतो.

स्टेनगार्थ ही १९१० सालची टगबोट. इंग्लंडात लेस्टरशायरमध्ये स्टोनी कोव्ह नावाची ग्रॅनाइटची जुनी खाण आहे. १९५८ मध्ये काम थांबलं आणि झऱ्यांच्या पाण्यानं ती भरली. २००० साली डायव्हरांसाठी ही बोट तिथं मुद्दाम बुडवली. आता ती वीस-बावीस मीटरवर बसून असते. लेस्टरमधल्या माझ्या घरापासून खाण गाडीनं अर्ध्या तासावर. समुद्र लांब, म्हणून आम्ही मिडलँड्समधले डायव्हर बारा महिने याच हिरवट, गार पाण्यात उतरतो.

मी पहिल्यांदा पाण्याखाली गेलो तो तारकर्लीला. अंगात तीन मिलिमीटरचा वेटसूट, तोही उकडतोय म्हणून अर्धा उघडा. इथं तसल्या कपड्यात दहा मिनिटंही निघायची नाहीत. ड्रायसूटमध्ये पाणी आत येतच नाही (निदान तशी अपेक्षा असते). आत लोकरीसारखे जाड कपडे आणि त्यांच्यात अडकलेली हवा, तिचीच ऊब. खोल जाल तशी ती हवा आक्रसते आणि सूट अंगाला आवळायला लागतो, म्हणून छातीवरच्या व्हॉल्व्हचं बटण दाबून सिलिंडरमधली थोडी हवा आत सोडायची. वर येताना ती फुगते, तेव्हा डाव्या दंडावरच्या डंप व्हॉल्व्हमधून सोडून द्यायची. पाठीवर तरंगण्यासाठी वेगळी पिशवी असते, तिला आम्ही विंग म्हणतो. तिचा इन्फ्लेटर (हवा भरायची नळी) डाव्या खांद्यावरून पुढं येतो. म्हणजे सिलिंडरच्या हवेचा दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरमधून हवा आणणारे दोन बारीक होज (पाइप), एक सूटला आणि एक विंगला.

बटणाला हात न लावता सूट भरत होता. असं झालं की काय करायचं ते शिकवलेलं असतं: आधी होज काढ, मग हवा सोड. छातीवरच्या कपलिंगची (होजच्या टोकाच्या झटपट जोडणीची) कड मागं ओढली, होज टक् करून सुटला. अंग वळवून पाय खाली आणले, डावा दंड वर केला, बुडबुडे निघाले. बडीला (पाण्यातल्या जोडीदाराला) अंगठा दाखवला, म्हणजे वर. वर येताना सूटला नव्या हवेची गरजच नसते, आतलीच फुगत जाते. सहा मीटरवर तीन मिनिटं थांबलो आणि बाहेर. यात थरारक काहीच नव्हतं. खरी गोष्ट गाड्यांच्या तळावर सुरू झाली.

माझा बडी पासष्टीचा, रेल्वेत सिग्नल दुरुस्त करून निवृत्त झालेला. त्याच्या गाडीच्या डिकीत एक पेटी असते, तिच्यात जगातली प्रत्येक ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) आहे असा माझा समज आहे. "होजचाच घोटाळा असेल, माझा जादाचा लावून बघ," म्हणत त्यानं पेटीतून ड्रायसूटचा होज काढला आणि माझ्या व्हॉल्व्हवर दाबला. बसेना. पुन्हा दाबला. मग चष्मा कपाळावर चढवून त्यानं व्हॉल्व्ह नीट पाहिला आणि हसला. "तुझा सूट स्वीडिश बोलतोय. माझा होज अमेरिकन."

ही जोडणी दोन तऱ्हेची असते हे मला माहीत होतं. पण माझ्याच अंगावर दोन्ही नांदताहेत याचा मी कधी विचार केला नव्हता. विंगच्या इन्फ्लेटरला बहुतेक सगळीकडं एकाच घाटाचं निपल (ज्यावर होजचं कपलिंग बसतं ते टोक) असतं, त्याला सीटेक म्हणतात. ड्रायसूटला मात्र, विशेषतः उत्तर युरोपातल्या, बऱ्याचदा सेजन येतं. सेजन ही स्वीडनमधल्या श्योव्दे गावची कंपनी, १९५५ सालची. मालक कार्ल एरिक योसेफ न्यूबेरी यांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं. कारखान्यांतल्या हवेच्या पाइपांसाठी ते झटपट जोडायची कपलिंगं करत. त्यातलंच एक डायव्हिंगमध्ये आलं. निपल सडपातळ, आणि पाइपात दाब असतानाही जोडायला-सोडायला सोपं. सीटेकचं निपल जाडसर. दोघं एकमेकांत बसत नाहीत, बसायचा आवही आणत नाहीत.

त्या दिवशी घरी येताना मला आठवलं ते अमेरिकेतल्या मोंटानातलं प्रकरण. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या लेक मॅकडोनाल्डमध्ये डाइव्ह करताना अठरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. तिचा ड्रायसूट जुना, विकत घेतलेला. आणि तिच्या रेग्युलेटरला त्या सूटला बसेल असा होजच नव्हता. म्हणजे सूटमध्ये हवा सोडायची सोयच नाही, आणि तरीही डाइव्ह झाली. अंगावर शिशाचं वजनही नको तितकं होतं. खोल जाता जाता सूट आवळत गेला. डायव्हिंग शिकवणारे आता ते उदाहरण देतात. माझी गोष्ट त्याच्या पासंगालाही पुरणारी नाही, पण दीडवितीचा चुकीचा पाइप म्हणजे काय हे गाडी चालवताना माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

तेव्हा ठरवलं: दोन्ही होज एकाच जातीचे करायचे. कुठला कुठंही लागला पाहिजे.

मार्ग तीन होते. एक, मध्ये अॅडॉप्टर घालायचा. स्वस्त आणि लगेच होणारा, पण त्यात एक जोड वाढतो, एक ओ-रिंग वाढते, आणि छातीवर आधीच गर्दी असते. नको. दोन, विंगसुद्धा सेजनची करायची. जोडायला ते सोपं, त्यामुळे मोह झाला. पण उद्या कुणाचा उसना रेग्युलेटर घ्यावा लागला तर त्याच्यावर विंगचा होज सीटेकच असणार. तीन, सूटच्या व्हॉल्व्हवरचं निपल बदलून सीटेकचं बसवायचं आणि होज नवा घ्यायचा. माझ्या व्हॉल्व्हचं निपल आट्यांवर बसवलेलं, सुटं निघणारं होतं, आणि दुसऱ्या जातीचं सुटं मिळत होतं. तिसरा मार्ग घेतला.

दुकानदारानं सामान दिलं, पण कपाळाला आठी घालून. त्याचं म्हणणं, सूटला बारीक निपल असतं ते बरंच असतं. बटण अडकलं तर हवा सावकाश भरते, माणसाला होज काढायला वेळ मिळतो. मुद्दा खोटा नाही. पण बटण मी तसंही टिचकी मारल्यासारखंच दाबतो. गार पाण्यात दाबून धरलं तर व्हॉल्व्ह गोठून उघडाच राहू शकतो. त्यानं आणखी एक सांगितलं, ते मी ऐकलं: दोन्ही होज सारखे दिसायला लागले की घाईत गल्लत होईल. म्हणून सूटच्या होजला टोकापाशी निळ्या टेपचे दोन वेढे दिले.

काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर. बायको भाकरी थापत होती, आणि तिच्या परातीपासून माझे सिलिंडर दोन हात लांब असतील या अटीवर परवानगी मिळाली. काम म्हणजे तरी काय! सिलिंडर बंद, सगळा दाब सोडलेला. फर्स्ट स्टेज म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग, त्याच्या लो प्रेशर पोर्टमधून (कमी दाबाच्या तोंडातून) जुना होज काढायचा. हे आटे तीन अष्टमांश इंचाचे, बहुतेक सगळ्या कंपन्यांचे सारखे. एवढ्या एका बाबतीत डायव्हिंगवाल्यांचं एकमत झालेलं आहे. हाय प्रेशरचं पोर्ट मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे हा होज चुकून तिथं जात नाही. (सूट आणि विंगच्या बाबतीत एवढी अक्कल कुणी का वापरली नाही, देव जाणे.) नव्या होजची ओ-रिंग पाहिली, ग्रीसचं बोट फिरवलं आणि लावला.

लावताना वडिलांचा आवाज कानात होता. अण्णांनी कोल्हापूरला उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवला. लहानपणी दुकानात बसून नट फिरवायचो तेव्हा ते ओरडायचे, "आटं हातानं बशीव. पाना शेवटाला." पितळेच्या बॉडीत आटा आडवा चढला तर फर्स्ट स्टेज भंगारात. हातानं पूर्ण बसवला, मग पान्यानं नुसता टेकवला. हवा अडवायचं काम ओ-रिंग करते, पान्याच्या जोराला तिथं काही काम नाही.

मग व्हॉल्व्हवरचं निपल. जुनं काढलं, आतली जाळी पुसली, नवं बसवलं. व्हॉल्व्ह खोलून पांढरी भुकटी काढली, कोमट पाण्यात धुतला, सिलिकॉन ग्रीस लावलं. दीड तास गेला. सूट खुर्चीवर बसवला, माणसासारखा. होज जोडला, सिलिंडर उघडले. टक्. छान बसला. बटण दाबलं, हवा आत. सोडलं, बंद.

भाकरी खाऊन पाच-दहा मिनिटांनी आलो तर खुर्चीवरच्या माणसाची छाती वर आलेली.

कान लावला. अगदी बारीक, सशाच्या श्वासासारखी फुस्स. नवा होज, नवं निपल, धुतलेला व्हॉल्व्ह, आणि दुखणं जागच्या जागी. एवढ्या पैशात तारकर्लीला जाऊन आलो असतो असंही मनात आलं.

रात्री अण्णांशी व्हिडिओ कॉल असतोच. तिकडं पहाट झालेली, हातात चहाचा कप. खुर्चीवर सूट बसलेला पाहून ते म्हणाले, "कोण आलंय रं?" मग मी सगळं सांगितलं. अण्णांनी आयुष्यात समुद्र फक्त गणपतीपुळ्याला, तोही लांबून पाहिलेला. पण हवा, व्हॉल्व्ह आणि आटे म्हटल्यावर त्यांचे डोळे बारीक झाले.

"दोन पाइप हाईत न्हवं? आता दोन्ही सारखं केलंस?"

"हो अण्णा."

"मग अदलाबदल कर की. ह्यो तिकडं, त्यो इकडं. दोष पाइपाबरोबर फिरतोय का व्हॉल्वपाशीच ऱ्हातोय, तेवढं बघ."

मी हे केलं नव्हतं. अदलाबदल करता यावी म्हणून दीड तास खपलो आणि अदलाबदल करून पाहायचं सुचलं नाही. पाण्याखालच्या संकटासाठी म्हणून तयारी केलेली, तेव्हा टेबलावर ती वापरायची असते हे डोक्यातच आलं नाही.

इथं माझी मांडणी सांगायला हवी. पाठीवर बारा लिटरचे दोन सिलिंडर, मॅनिफोल्डनं जोडलेले, दोन्हीवर वेगवेगळा फर्स्ट स्टेज. उजव्यावर मी ज्यातून श्वास घेतो तो लांब होजचा रेग्युलेटर आणि विंगचा होज. डाव्यावर गळ्यात इलॅस्टिकनं लटकवलेला जादाचा रेग्युलेटर, प्रेशर गेज आणि सूटचा होज. विंग आणि सूट वेगवेगळ्या बाजूंना ठेवायचे, म्हणजे एक बाजू बंद करावी लागली तरी दुसरीकडून तरंगायची सोय राहते.

उजवा होज सूटला लावला, डावा विंगला. कॉल चालूच, फोन मिठाच्या बरणीला टेकवलेला. पाच मिनिटं आम्ही दोघं एक रिकामा सूट बघत बसलो. सूट गप्प. सहाव्या-सातव्या मिनिटाला विंगचा इन्फ्लेटर फुसफुसायला लागला.

"फिरला," अण्णा म्हणाले, आणि चहा प्यायला गेले.

होज तर नवाच होता. म्हणजे दोष त्याच्याही मागं, डाव्या फर्स्ट स्टेजमध्ये. सिलिंडरमधल्या दोनशे-सव्वादोनशे बारचा दाब भोवतालच्या दाबापेक्षा साधारण साडेनऊ बार जास्त, एवढ्यावर आणायचा हे त्याचं काम. होजमध्ये तेवढा दाब झाला की आतली सीट बंद होते. ती सीट झिजली की वॉयसर झिजलेल्या नळासारखं होतं: बंद दिसतो, पण टिपकतो. इथं टिपकणारी हवा बाहेर जात नाही, होजमध्ये साठते आणि दाब चढत राहतो.

दुसऱ्या दिवशी बडीचा दाब मोजायचा छोटा गेज आणला. आणि इथं सगळ्या खटाटोपाचा अनपेक्षित फायदा कळला. तो गेज सीटेकच्या कपलिंगलाच लागतो. याआधी माझ्या डाव्या फर्स्ट स्टेजचा दाब मला घरी मोजताच आला नसता, कारण त्याच्यावरचा एकमेव इन्फ्लेटर होज सेजनचा होता. उजवीकडं लावला: साडेनऊच्या किंचित खाली, काटा हलला नाही. डावीकडं साडेनऊ. मिनिटाभरानं दहा. पाचव्या मिनिटाला अकराच्या जवळ, आणि काटा अजून चढतोच आहे. रेग्युलेटरचं बटण दाबून हवा सोडली की परत साडेनऊ, आणि पुन्हा तीच चढण.

बडीनं गेजकडं पाहिलं आणि विचारलं, "इतका दाब वाढत असताना तुझा गळ्यातला रेग्युलेटर गप्प कसा? तो फुसफुसायला हवा होता."

खरं आहे. होजमध्ये दाब वाढला की रेग्युलेटरचा सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) आपोआप थोडा उघडतो आणि जादाची हवा बाहेर टाकतो, कुकरच्या शिट्टीसारखा. आणि तो फुसफुसत होताच. गेल्या ऑक्टोबरमध्ये. तेव्हा मी काय केलं? त्याच्यावर एक अॅडजस्टमेंटची खुंटी असते, ती आत पिळली. आवाज थांबला, मी खूश, आणि विसरलो. चार महिने मी कुकरच्या शिट्टीवर बोट ठेवून बसलो होतो. वाढलेल्या दाबाला तिथून वाट मिळाली नाही, म्हणून त्यानं पुढची कमकुवत जागा शोधली, सूटचा व्हॉल्व्ह. बडीसमोर खुंटी सैल केली. रेग्युलेटर लगेच हिस्स करायला लागला. तो काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याचं मला जास्त वाईट वाटलं.

सर्व्हिसिंगची तारीख उलटून दोन वर्षं झाली होती. दोन्ही फर्स्ट स्टेज दिले. दहा दिवसांनी परत मिळाले तेव्हा तंत्रज्ञानं जुनी सीट एका छोट्या पिशवीत घालून दिली. भिंगाखाली तिच्यावर गोल खाच स्पष्ट दिसते, एका बाजूला जरा खोल. घरी दोन्हीकडं गेज लावला आणि टीव्हीवर बातम्या लागेपर्यंत बघत बसलो. काटे स्थिर.

राहिला मूळ बेत: पाण्याखाली होज बदलून पाहायचा. मार्चच्या शेवटी स्टोनी कोव्हमध्ये सहा मीटर खोल असलेल्या खडकाच्या सपाट पायरीवर गुडघ्यांवर बसलो, बडी समोर. कल्पना अशी की डावी बाजू गेली आहे, सूटला हवा नाही, तर विंगचा होज काढून सूटला लावायचा. लागेल तेव्हा विंग तोंडानंही फुगवता येते. माझा सूट तोंडानं फुगवायची सोय नाही.

पहिला प्रयत्न वाया. विंगचा होज मानेमागून डाव्या खांद्यावर येतो आणि इन्फ्लेटरच्या जाड नळीला रबरी बांधानं बांधलेला असतो. बांधातून सोडवला, छातीच्या मध्यापर्यंत ओढला, तर बोटभर कमी पडला. मान उजवीकडं वळवली तर पोचत होता, पण मग व्हॉल्व्ह दिसत नव्हता. छप्पन्न सेंटिमीटरचा होज विंगपुरता बेतलेला, त्यावर कपलिंग सूटला बसणारं असून काय उपयोग? त्या आठवड्यात वीतभर लांब होज घेतला.

दुसरा प्रयत्न एप्रिलात. होज पोचला. पण सीटेकची कड दाब असताना मागं ओढून निपलवर ढकलायची, तीही पाच मिलिमीटरच्या हातमोज्यांत, म्हणजे बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज घालून सुईत दोरा ओवणं. सेजन या बाबतीत खरंच सरस होतं, दुकानदाराला तेवढं श्रेय द्यायला हवं. तीन वेळा निसटला. चौथ्यांदा दोन्ही हातांनी लावला. बडीनं घड्याळ दाखवलं: दीड मिनिट. खऱ्या संकटात एवढ्या वेळात मी निम्म्या वाटेपर्यंत वर आलो असतो, आणि वर येताना सूटला हवा लागतच नाही. म्हणून पाण्याखाली हे करायची वेळ माझ्यावर सहसा येणार नाही असं मला आता वाटतं. तरी दर महिन्याला एकदा करतो. आता चाळीस सेकंदांवर आलोय. पेटीत मात्र जादाचा एकच होज ठेवावा लागतो, तो दोन्हीकडं चालतो, आणि गेल्या रविवारी तो बडीच्याच कामी आला.

त्या दीड मिनिटवाल्या डाइव्हनंतर संध्याकाळी अण्णांचा फोन.

"लागला का पाइप?"

"लागला अण्णा. चौथ्यांदा."

"आन् हवा?"

"एक फुस्स नाही."

"मग कोरडा ऱ्हायलास."

राहिलो नव्हतो. कपलिंग ओढायला मनगट जोरानं वाकवलं की आतल्या शिरा ताठ होतात आणि त्यांच्या मधल्या खाचेतून, सूटच्या मनगटाच्या रबराखालून, पाणी आत शिरतं. चार वेळा मनगट वाकवलं, चार वेळा सहा अंशांचं पाणी बाहीतून कोपरापर्यंत गेलं. अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तिथं वॉयसर बसत न्हाई का काय?"